साडू, तुझ्या माशाचं काय झालं ते

बबन, काल तुझं दहावं झालं. आज सकाळी शटर वर केलं, देवाला उदबत्ती ओवाळली, दोन्ही खुर्च्या पुसल्या आणि माझ्या खुर्चीत जो बसलो तो उठलोच नाही. समोर मुरबाडचा स्टँड नेहमीसारखा बोंबलत होता. कल्याणचे जीपवाले "एक सीट, एक सीट" करत होते आणि आत माणसं आधीच मांडीवर मांडी घालून कोंबलेली. एक जण दाढीला आला, मला तसा बसलेला बघून "राहू दे, उद्या येतो" म्हणाला आणि गेला. बरं झालं. दमलोय रे मी. रडूनबिडून नाही, नुसताच दमलोय.

माणूस गेला की लोक लिहितात, मनमिळाऊ होता, परोपकारी होता. तू मनमिळाऊ होतास असं मी लिहिणार नाही, कारण माझ्याशी तू रोज भांडायचास. बाकी तुझा जन्म, गाव, मागे कोण कोण, सगळं फ्लेक्सवर छापून नाक्यावर लावलंय. फोटो लग्नातला टाकलाय, मिशी काळीभोर. ओळखू पण येत नाहीस. मला तुला फक्त माशाचं सांगायचंय. जाता जाता तू तो आजारी मासा माझ्या गळ्यात मारून गेलास, आणि त्याला जगवायचा हुकूमही सोडून गेलास. त्याचा हिशेब मी द्यायला नको का?

लोकांना वाटायचं आपण भाऊ आहोत. आपण साडू. तू मोठीचा नवरा, मी धाकटीचा. नात्यानं तू मोठा, वयानं मी मोठा. पहिल्या भेटीत कुणी कुणाला नमस्कार करायचा म्हणून दोघंही ताठ उभे राहिलो होतो. शेवटी तुझी बायको, सुमनताईच बोलली, "काय कोंबड्यावानी उभं ऱ्हायलाव दोघं? जेवायला बसा." तेव्हापासून अरे-तुरे. एरवी "साडू" म्हणायचं आणि भांडण मोठं असलं की "गजाननराव". तू गजाननराव म्हणालास की मी समजायचो, आज चहा वेगवेगळा.

वाशिंदला मी ज्या सलूनमध्ये खुर्ची धरून होतो ते नव्या बिल्डिंगसाठी पाडलं, आणि त्याच पावसाळ्यात माझा खोकला टीबी निघाला. माझी बायको, शालू, तुझ्या घरी येऊन रडली. दुसऱ्या दिवशी तू जीप घेऊन दारात. म्हणालास, "सामान भर. मुरबाडला दुसरी खुर्ची रिकामीच हाय." दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, गोळ्या लागू पडल्या की थोड्या दिवसांनी दुसऱ्याला लागण होत नाही. ते तू ऐकलंस. गिऱ्हाइकं कुठली ऐकायला? तोंडाजवळ खोकणारा कारागीर कुणाला हवा असतो?

म्हणून तू मला मागच्या बाकावर बसवलंस आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून कल्याणहून काचेची टाकी आणलीस. गप्पी, काळे मॉली, काच चाटत फिरणारा एक सकर. "बघत बस. मासं बघितलं की छाती बरी व्हते." कुठल्या डॉक्टरनं सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणे, "मी सांगतो ना!" मी बघत बसलो. गोळ्या खायच्या, टाकीचं पाणी बदलायचं आणि गप्पींची पिल्लं मोठ्यांनी खाऊ नयेत म्हणून बरणीत वेगळी काढायची. माझे दिवस त्यात गेले.

तो बांधकामवाला आठवतो? पांढरा शर्ट, गळ्यात चेन. अर्धी दाढी झाली होती त्याची. मला मागून खोकला आला, तर तो आरशात बघून म्हणाला, "बबन, आधी याला घरी पाठव, मग वस्तरा लाव." तू त्याच्या गळ्यातलं कापड सोडलंस, झटकलंस, घडी घातलीस. "खुर्ची माझी, साडू माझा. उरल्याली दाढी पलीकडं करा." एका गालावर फेस घेऊन तो माणूस भर स्टँडातून चालत गेला. मी टाकीत बघत बसलो होतो. तुला काही बोललो नाही. साडूला कोण थँक्यू म्हणतं?

मी बरा झालो, दुसरी खुर्ची माझी झाली, आणि टाकीही माझीच झाली. मग तू सरपंचाला आणलंस.

आणलास तेव्हा नाण्याएवढा होता. काळा, अंगावर नारिंगी डाग. "ऑस्कर म्हनतात याला. दुकानवाला बोलला, शांत असतो." शांत! महिन्यामहिन्याला वाढत गेला तो तळहाताबाहेर गेला. गिऱ्हाइकांनीच त्याचं नाव सरपंच ठेवलं. येईल ते खातो आणि वर तोंड करून अजून मागतो, म्हणून. तू दुकानात शिरलास की काचेला येऊन चिकटायचा, शेपटी हलवायचा. माझ्याकडे ढुंकून बघत नव्हता. आणि रोज सकाळी माझा एखादा गप्पी कमी. तुला सांगितलं तर म्हणालास, "तेच एकमेकांना खात असतील." होय तर! सरपंच उपाशी झोपला आणि गप्प्यांनी गप्प्यांचा फडशा पाडला!

शेवटी मी हट्टच धरला. एक तर सरपंच जाईल, नाहीतर टाकीत मधे काच पडेल. तुला काच आणायला सांगितलं, तर तू काय केलंस? "इकत कशाला आनायची? आपला जुना आरसा पडलाय ना मागं." काचवाल्याकडून तोच कापून आणलास आणि उभा खोचलास मधोमध. आरशाची बाजू सरपंचाकडे. सलूनवाल्याच्या घरी आरशाला काय तोटा! त्या वेळी मलाही ते शहाणपणाचं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सरपंचाला आरशात दुसरा सरपंच दिसला. दिवसभर त्याच्यासमोर फुगून उभा, मधूनच जोरात धडक. आपण हसत होतो. तू गिऱ्हाइकांना दाखवायचास, "बगा, कटिंग झाली की तुमीबी असंच बगता." चार-सहा दिवस त्याचं हे चाललं. मग एका सकाळी बघतो तर कपाळावरचे खवले उडालेले आणि खाली लाल मांस. आरसा काढला तोवर उशीर झाला होता. जखमेवर पांढरं, कापसासारखं काहीतरी चढलं. खाणं सोडलं. तळाशी आडवा पडून राहिला, एक डोळा वर.

"तुझा आरसा!" मी म्हणालो. "तुझी पडद्याची हौस!" तू म्हणालास. तो वाद अजून मिटलेला नाही. तू असतास तर आत्तासुद्धा मी तुला ते पटवून दिलं असतं.

आणि तुरटी! ते आठवलं की आजही हसू येतं. मी एका गिऱ्हाइकाला फेस लावत होतो. मागे पाणी खळबळल्याचा आवाज आला. बघतो तर तू ओल्या टॉवेलात सरपंचाला धरलेलं आणि दाढी झाल्यावर गालावर फिरवतो तशी त्याच्या कपाळावर तुरटी फिरवतोयस.

"अरे काय करतोस!"

"कापलं की तुरटी लावतात."

"माशाला?"

"कातडी ती कातडीच ना रे!"

सरपंचानं असा हिसडा दिला की तुझ्या हातातून सुटून थेट जमिनीवर, कापलेल्या केसांत. तू खुर्चीखाली, मी खुर्चीखाली, आणि गिऱ्हाईक फेसाच्या तोंडानं दोन्ही पाय वर घेऊन "काय हाय? साप हाय का?" म्हणून ओरडतंय. उचलला तेव्हा त्याला सगळीकडून केस चिकटलेले. आपण मासा धुतला, गिऱ्हाइकाची माफी मागितली आणि मग दोघंही एकमेकांकडे न बघता हसत सुटलो. त्या दिवशी चहा एकत्र घेतला.

दुसऱ्या दिवशी तू कल्याणला गेलास. माशांच्या दुकानातल्या पोऱ्यानं तुला म्हणे विचारलं, "तुरटी? काका, मासा होता की गिऱ्हाईक?" पण इलाज सांगितला त्यानं. आजारी मासा सगळ्यांत ठेवायचा नाही. वेगळ्या भांड्यात काढायचा, मीठ टाकायचं, निळ्या औषधाचे थेंब टाकायचे, सकाळ-संध्याकाळ अर्धं पाणी बदलायचं. मी म्हणालो, वेगळा काढायचाच आहे तर काळू नदीत सोडून ये, सुटू दे एकदाचा.

"नदीतलं सगळं मासं खाऊन टाकील तो. आनि आजारी हाय."

"मग तळून खा."

"श्रावण हाय, गजाननराव."

मी म्हणालो, आजारी आहे म्हणूनच सांगतोय. बाकीच्यांना लागेल. माझे गप्पी मरतील. एकासाठी सगळी टाकी घालवणार का तू? तू टॉवेल भिजवायचा मोठा टब उचललास, मागच्या बाकाजवळ नेऊन घासायला लागलास. पाठमोराच म्हणालास, "आजारी हाय म्हनून भायेर काढायचं असतं ना साडू, तर मी..." आणि थांबलास. ब्रशचा आवाज तेवढा येत राहिला. मी टीव्हीचा आवाज वाढवला. ते वाक्य तू पुढे कधी पुरं केलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

श्रावणात अर्धी गिऱ्हाइकं दाढी राखतात. दुपारी दुकानात माश्या मारायच्या एरवी, या वर्षी तू मासा सांभाळत बसलास. टबाजवळ पाट घेऊन बसायचास, हात पाण्यात. ते निळं औषध बोटांना लागलं की जात नाही. तुझे हात निळे झाले, पांढरे टॉवेल निळे झाले, एका गिऱ्हाइकाच्या कानाला निळं लागलं तर त्याची बायको भांडायला आली. मुरबाडच्या लाइटचं काय सांगायचं! वारा आला की गेली. लाइट गेली की हवेचा पंप बंद, मग तू दाढीचा मग घेऊन टबातलं पाणी उचलायचास आणि वरून धार सोडायचास, हवा मिसळावी म्हणून. थकलास की म्हणायचास, "साडू, खांदा भरला, ये जरा." मी शिव्या देत यायचो आणि ओतायचो.

खायला घालायचं काम पण माझ्यावर. का, तर तुझा श्रावण. "मला नाय का श्रावण?" म्हणालो, तर म्हणे, "तू कदी पाळलास?" म्हणून दुकानामागची ओली माती उकरून गांडुळं मी काढायची, ब्लेडनं मी कापायची, पाण्यात मी टाकायची, आणि तू तोंड फिरवून विचारायचास, "घेतलं का रे?" नाही घ्यायचा. पण कपाळाची जखम हळूहळू भरत होती. पांढरं कमी झालं होतं. तू तर तेवढ्यावर पेढे वाटायच्या बेतात होतास.

त्या सकाळी तू टोकावड्याच्या एसटीतून उतरलास तोच छाती चोळत. "गॅस झालाय." मी सोडा आणला. अर्धी बाटली प्यालास आणि खुर्चीत बसलास, तुझ्याच खुर्चीत, आणि अंगातला शर्ट घामानं चिंब. मग जीप. तुझं डोकं माझ्या मांडीवर, सुमनताईला फोन मी केला की शालूनं, तेही आठवत नाही. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "साडू, सांजचं पानी बदल हां." मी म्हणालो, "गप रे, बोलू नको." आणि तू गप्पच झालास. कल्याण यायच्या आधीच. माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं ते. गप रे. इतक्या वर्षांत हजारदा म्हणालो असेन, तू एकदाही गप्प बसला नव्हतास.

अंघोळ घालताना लोकांना तुझी निळी बोटं दिसली. कुजबुज सुरू झाली, काही खाल्लं की काय, काही चावलं की काय. सुमनताई साबण लावून घासत होती, जात नव्हतं. मी म्हणालो, "ताई, माशाचं औषध हाय ते. नाय जायाचं." मग तिनं विचारलं, "शेवटाला काय बोललं?" मी तिला खरं ते सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग फसकन हसली, सगळ्यांसमोर. "मरताना पन मासाच! माझं नाव नाय आलं का रे तोंडात?" आणि मग जो हंबरडा फोडला तिनं, बबन, तो तुला ऐकवला नसता.

त्या संध्याकाळचं पाणी बदललं नाही. तुला अग्नी देत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज मुरबाडला आलो. शटर अर्धं वर करायचो, वाकून आत जायचो, पाणी बदलायचो, मीठ, थेंब, पंप. शेजारचा झेरॉक्सवाला बायकोला म्हणाला, मला ऐकू जाईल असं, "साडू जाऊन दोन दीस नाय झालं, यानं धंदा चालू केला." काय सांगू त्याला? तुझ्या सुतकात मी तुझ्या माशाचं पाणी बदलतोय म्हणू? मान खाली घालून परत जायचो. माझी बोटं पण निळी झाली.

सरपंच मला बघून वर यायचा आणि परत खाली जाऊन बसायचा. कुणाची वाट बघत होता ते मला कळत होतं आणि त्याचा रागही यायचा. अरे, मी पण वाटच बघतोय ना! मग एक दिवस त्यानं गांडुळाचा तुकडा घेतला. खरंच घेतला. थुंकला, परत घेतला आणि गिळला. मला एवढा आनंद झाला की खिशातून फोन काढून मी तुझा नंबर लावला. रिंग वाजायला लागल्यावर लक्षात आलं. ठेवणार तेवढ्यात सुमनताईनं उचलला. "काय झालं, गजाभाऊ?"

"काय नाय, ताई. मासा जेवला."

ती म्हणाली, "बरं झालं." त्यानंतर रोज मला एकच विचारायची, मासा जेवला का?

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा जगला पाहिजे. गप्पी गेले खड्ड्यात. तू मला जगवलंस, मला तुझा एक मासा जगवता येऊ नये?

दहाव्याच्या आदल्या दिवशी सामान घ्यायला, मांडव बघायला मी तुझ्या गावातच होतो. पाऊस धो धो. मुरबाडची लाइट सकाळीच गेली होती, ते मला दुपारी स्टँडवर उतरल्यावर कळलं. धावत आलो. पंप बंद. सरपंच आडवा, तोंड पाण्याच्या वर, कल्ला हलतोय की पाणी हलवतंय ते कळेना. मी दाढीचा मग उचलला आणि ओतायला बसलो. उचल, ओत. उचल, ओत. खांदा भरला. मग दुसऱ्या हातानं. मधे कधीतरी तो गेला असणार, पण मी थांबलो नाही. थांबलो की संपलं असं वाटत होतं. लाइट आली, पंप आपोआप बुडबुड करायला लागला, आणि तेव्हा मी हातातला मग खाली ठेवला.

दाढीच्या कापडात गुंडाळून दुकानामागे पुरला त्याला. आणि तिथंच मातीत बसून रडलो. तुझ्या चितेजवळ मी रडलो नव्हतो. सगळे बघत होते, गजा किती खंबीर, लाकडं काय मोजतोय, सगळं काय बघतोय. माशासाठी रडलो म्हण हवं तर. म्हण रे, काहीतरी म्हण.

टाकी आता छोट्यांची झाली. माझ्या मनासारखं झालं. भांडण मी जिंकलो, बबन. जिंकून कुणाला सांगू?

काल नदीवर आणखी एक गंमत. तुझ्या गावात कुणाचंही दहावं असलं की डोकी करायला तू जायचास. तुझ्या दहाव्याला कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रशांत येऊन दगडावर बसला, मान वाकवली. तुझ्या पोराच्या डोक्याला दोन भोवरे आहेत, तुझ्यासारखेच, वस्तरा तिथे अडकतो. मी भोवऱ्यांभोवती वस्तरा हळूहळू फिरवला.

पिंड मांडले. करंजाच्या झाडावर कावळा होता. एक सोडून तीन होते. खाली येईनात. प्रशांत हात जोडून म्हणाला, "बाबा, घराची काळजी करू नको, आयेला अंतर देणार नाय." नाही. तुझा भाऊ पुढे झाला, बांधाचं भांडण मिटवतो म्हणाला. ते ऐकून तर कावळा अजून एक फांदी वर गेला, आणि लोक नाही म्हटलं तरी हसले. सुमनताई म्हणाली, मी नीट राहीन, जेवीन, रडणार नाय. नाही. ऊन डोक्यावर आलं. म्हातारी माणसं बसून घेत होती. भटजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायचं बोलू लागले.

तेव्हा सुमनताई वळली. "गजाभाऊ, तुमी सांगा. त्याचा जीव त्या माशात ऱ्हायलाय. सांगा त्याला, मासा मी सांबाळतो म्हनून."

तिला ठाऊक नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिनं फोनवर विचारलं होतं, मासा जेवला का, आणि मी आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला होता. दहाव्याच्या आदल्या दिवशी त्या बाईला आणखी एक मरण कसं सांगू?

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पिंडासमोर उभा राहिलो, हात जोडले. सांभाळतो, एवढं एक म्हणायचं होतं. काय जड होतं त्यात? तुझा भाऊ बांध सोडणार नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे, तरी त्यानं हात जोडून सांगितलंच. पण आपण दोघं आयुष्यभर भांडलो, खोटं कधी बोललो नाही. तोंड उघडलं आणि जे आलं ते आलं.

"साडू, मासा गेला. काल. रोज पानी बदललं. लाइट गेली तवा हातानं ओतलं, दोन्ही खांदं भरलं. नाय जगला. तू नको थांबू. आता हितं कुनी आजारी नाय. मी बरा हाय. तूच केलास बरा. जा आता."

सुमनताईनं तोंडात पदर कोंबला. मला तिथं उभं राहवेना. वस्तरा उचलला आणि धुवायला नदीकडे गेलो. पाण्यात हात घातला तोच मागून पंखांचा फडफडाट झाला आणि लोक ओरडले, "शिवला, शिवला!"

मी वळून बघितलं नाही. जन्मात माझं एक ऐकलं नाहीस, बबन. काल पहिल्यांदा ऐकलंस, आणि तेही, जा म्हटलेलं.